अकराव्या किलोमीटरवरचे बेदाणे

मी हात पुढे केला आणि मालन दोन पावलं मागे सरकली.

"लांब व्हा, बाई," ती म्हणाली.

माझा हात तसाच हवेत राहिला. पाय मात्र चालू होते, कारण मनगटावरचं घड्याळ चालू होतं. मणेराजुरी रस्त्याला बेदाण्याचं एक शेड आहे, तिथे माझा अकरावा किलोमीटर पुरा व्हायचा. मालन त्या शेडवर बेदाणा निवडायला जायची. मी दिसले की ती फाटकाशी येऊन मूठ पुढे धरायची, मी न थांबता तिच्या मुठीखाली हात धरायचा, ती बेदाणे सोडायची आणि "पळा, बाई, पळा" म्हणून ओरडायची. तीन महिन्यांत एक बेदाणा खाली सांडला नव्हता. आणि त्या मंगळवारी ही फाटक सोडून अलीकडे, बाभळीखाली उभी. हात रिकामे. पदर पार भुवयांपर्यंत ओढलेला.

"का गं? काय झालं?" मी जागच्या जागी पाय उचलत विचारलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, तुमचं काय सांगायचं ऱ्हायलंय का?"

"मला काय सांगायचंय? शनिवारी आठला स्टँडवर या दोघी. मयूरीची सगळी सर्टिफिकेटं घे. शनिवार शेवटचा दिवस आहे, चुकला की सीट गेली."

"त्ये न्हवं."

"मग काय ते?"

"तुमीच सांगा की."

मला रागच आला. धापा टाकणाऱ्या माणसाला कोडी घालतात का कुणी? "मालन, माझा दम मोडतोय. काय असेल ते नंतर बोलू," म्हटलं आणि निघाले. वळणावर मागे पाहिलं तर ती तिथेच उभी होती.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते, तासगावात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि स्कॉटलंडला अर्धी मॅरेथॉन पळणार होते. हसू नका, गावानं पुरेसं हसून घेतलं होतं. "कुमुद, स्कॉटलंडपर्यंत पळतच जाणार की विमानानं?" असं आमचे हे रोज सकाळी चहाच्या कपाआडून विचारायचे आणि स्वतःच खूश व्हायचे.

भानगड अशी होती. इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्याकडच्याच काही लोकांची एक संस्था होती. इकडच्या शिक्षकानं तिकडे जाऊन एकवीस किलोमीटर पळायचं, तिकडच्या लोकांनी दर किलोमीटरमागे देणगी द्यायची आणि त्यातून इकडच्या मुलींचं बारावीपुढचं शिक्षण. माझ्या नावावर तीन मुली होत्या. हे गणित मला स्वतःला कधी नीट कळलं नाही. मालनला तर मुळीच नाही.

"म्हंजे तुमी तिकडं पळायचं आन् माझी पोरगी हितं शिकणार?"

"हो."

"मग हितंच पळला तर?"

"इथे पळाले तर कोण देणार पैसे?"

"आन् तिकडं का देत्यात?"

"मी पळते म्हणून."

"पर का पळताय? कुत्रं लागलंय का मागं?"

 पण दुसऱ्या दिवसापासून ती फाटकाशी बेदाणे घेऊन उभी राहू लागली. तिला पटलं नव्हतं, पण माझं पोट रिकामं आहे एवढं तिला दिसत होतं.

मयूरी ही मालनची एकुलती एक. दहावीला माझ्या वर्गात होती. बारावी सायन्सला त्र्याऐंशी टक्के पडले आणि सांगलीच्या एका नर्सिंग कॉलेजात नंबर लागला. घरात या दोघी आणि मालनची सासू. म्हातारीनं आपल्या भाच्याच्या पोराचं स्थळ मयूरीसाठी कधीचं धरून ठेवलेलं. नर्सिंगचं जमलं नाही तर दिवाळीनंतर लग्न, असं ठरूनच गेलं होतं. मालनचा नवरा संपत शिरतोडे ट्रकवर ड्रायव्हर. त्याच्याही अकरा वर्षं आधी बेदाणा भरून गुजरातला गेला. ट्रक परत आला, संपत आला नाही. चिठ्ठी नाही, फोन नाही, काही नाही. गावात त्याच्याबद्दल कुणी विचारत नसे. मालनच्या कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू बघितलं की विचारायची सोयच राहत नसे.

त्याच्या आदल्याच रविवारी, म्हणजे मालन मागे सरकली त्याच्या दोन दिवस आधी, चौकात माझा फ्लेक्स लागला होता. आमच्या नणंदेचा मुलगा अजित याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आमच्या गावात कुणाच्या म्हशीचा वाढदिवस असला तरी फ्लेक्स लागतो, मग मामी परदेशात पळायला चालली म्हटल्यावर तो काय गप्प बसतोय? दहा बाय पंधराचा. मी ट्रॅकसूटमध्ये, मागे डोंगर, डोक्यावर विमान. माझी हनुवटी त्यानं कुठेतरी गायब करून टाकली होती आणि रंग असा उजळवला होता की मी मलाच अनोळखी वाटले. खाली तीन चौकोनांत तीन मुलींचे फोटो, बारीक अक्षरांत त्यांची माहिती. ती मी वाचली नाही. चष्मा घरी होता, आणि खरं सांगायचं तर माझी नजर माझ्या फोटोवरून हललीच नाही.

गुरुवारी पळायला गेले तर मालन बाभळीखालीही नव्हती आणि फाटकाशीही. मी उगाचच हात पुढे करून फाटकावरून गेले. आतल्या बायकांनी माना वर केल्या आणि खाली घातल्या. एकही हसली नाही.

येताना चौकातून आले. बघते तर फ्लेक्सला खालच्या उजव्या कोपऱ्यात भोक! फाटलेलं नव्हे, कापलेलं. सरळ रेषेत, पाटीएवढा चौकोन.  कुणी कापावा? छपराला घालायला लोक फ्लेक्स नेतात, मला माहीत आहे, पण मग अख्खा नेतात.

"स्कूटरच्या सीटला नेला असेल कुणी तरी," आमचे हे म्हणाले. "एवढं काय मनाला लावून घेतेस? तुझं तोंड तर शाबूत आहे ना?"

"कुणाच्या तरी डोळ्यांत खुपतंय हो माझं जाणं!"

"तुझं जाणं नाही, तो फोटो खुपत असेल."

मी पोहे तसेच टाकून उठले. मग फोन पाहिला. पळताना मी फोन घरी ठेवायची आणि घरी आल्यावर बघायला विसरायची. सोमवारचे मयूरीचे दोन मिस कॉल होते. तिला मी सोमवारी रात्री फक्त मेसेज टाकून दिला होता, शनिवारी आठ वाजता, स्टँड, सर्टिफिकेटं. ती कशासाठी फोन करत होती ते विचारलंही नव्हतं. आता मी फोन लावला तर तिनं उचलला नाही. दुपारी मेसेज आला. "बाई, आजी बाहेर पाठवत नाही. शनिवारी जमणार नाही. आई बोलत नाही कुणाशी."

माझं डोकंच फिरलं. तीन महिने टाचा फोडून घेतल्या, गुडघ्याला पट्ट्या बांधल्या, गावाची थट्टा ऐकली, ती कुणासाठी? आणि ऐन वेळी आजी पाठवत नाही? का पाठवत नाही? मंगळवारी मालन मला लांब व्हा म्हणाली, ते तरी का? मी हिचं काय घोडं मारलं होतं? मला वाटलं, म्हातारीनं तिचे कान भरले असणार. मग वाटलं, नाही, मालन कुणाचं ऐकणारी नाही. मग वाटलं, फ्लेक्सवर मयूरीचा फोटो लावला म्हणून राग आला असेल. पण फोटो तर मयूरीनंच दिला होता. रात्रभर मी हेच उलटसुलट करत राहिले आणि काही हाती लागलं नाही.

शुक्रवारी सकाळी शाळेत जायच्या आधी अजितच्या दुकानात गेले.

"अजित, तो तुकडा परत छापून चिकटव. आजच्या आज."

"कुठला होता मामी, डावा का उजवा?"

"उजवा."

त्यानं कॉम्प्युटरवर फ्लेक्स उघडला आणि उजवा चौकोन मोठा केला. मी चष्मा लावला. मयूरीचा फोटो, दोन वेण्या घातलेला. खाली लिहिलं होतं, 'कु. मयूरी. कै. संपत शिरतोडे यांची कन्या. पितृछत्र हरपलेल्या या लेकीच्या शिक्षणासाठी.'

मी दोनदा वाचलं. 

"अजित, हे कै. कुणी घातलं?"

"का? काय चुकलं?"

"अरे, जिवंत माणसाला कैलासवासी केलंस तू! निदान मेल्याचं तरी कुठं माहिताय? बायको कुंकू लावते त्याची! तुला कुणी सांगितलं तो गेला म्हणून?"

मी एवढ्यानं ओरडले की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. अजितनं मला ओरडून घेऊ दिलं. मग त्यानं खालचा खण उघडला आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"मामी, तुमीच दिला होता की. ह्याच्यावरनं माहिती घे म्हणून."

संस्थेचा फॉर्म होता. इंग्रजीत. अक्षर माझं. वडील, आणि पुढे दोन चौकटी. हयात आणि मयत. मयतच्या चौकटीत माझी खूण, माझ्या निळ्या पेनची.

मला एप्रिलमधली ती संध्याकाळ आठवली. जेवणाच्या टेबलावर तीन मुलींचे तीन फॉर्म पसरले होते आणि बुटांचं दुकान बंद व्हायच्या आत मला सांगलीला पोचायचं होतं. हयातवर खूण केली की खाली वडिलांचा उत्पन्नाचा दाखला जोडा, वडिलांची सही घ्या, असं होतं. आता संपतची सही कुठून आणायची? मयतवर खूण केली की खालचं सगळं रिकामं सोडता येत होतं. मी एक क्षण थांबले होते. थांबले होते, हे मला चांगलं आठवतं. मग म्हटलं, अकरा वर्षं झाली, तिकडे साहेबाच्या देशात कोण विचारतंय? आणि खूण केली. बूट घेऊन आले आणि विसरले.

"मामी, पाणी देऊ?" अजितनं विचारलं.

मी तशीच उठले. त्या दिवशी शाळेत गेलेच नाही.

मालनचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं. दारात चपला नव्हत्या, चूल बंद होती. मयूरी कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड घालून बसली होती, मला बघून उठून उभी राहिली. म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. भिंतीवर संपतचा जुना फोटो होता, ड्रायव्हरच्या खाकी शर्टातला. शेजारी खिळ्याला झेंडूचा हार टांगला होता. फोटोला घातलेला नव्हता, नुसता शेजारी टांगलेला, सुकलेला. फोटोखाली फ्लेक्सचा तो चौकोन घडी घालून ठेवला होता आणि त्यावर द्राक्षाचे घड विरळायची बारीक कात्री.

मालन उंबऱ्याशी बसली. पदर तसाच भुवयांपर्यंत.

"आलासा," ती म्हणाली. "मला वाटलंच, तुमी येशीला. बसा, पर लांब बसा. सुतक हाय."

मी बसले. 

"सोमवारी दुपारी," मालन सावकाश सांगू लागली, "गल्लीतल्या बायका भाकऱ्या बांधून घिऊन आल्या. चूल पेटवू नगो म्हणाल्या. भाकऱ्या बघून मला कळलं, आमच्यात कोण तरी गेलंय. कोण, त्ये कळंना. मग त्या म्हणाल्या, चौकात लिवलंय. बाईंच्या फोटोखाली लिवलंय."

"मालन..."

"आत्याबाईंनी ऊर बडवून घेतला. म्हणाल्या, बाई शिकलेल्या, फॉरिनला चालल्या, त्यांचं फोन चालत्यात सगळीकडं. त्यास्नी कळल्याबिगर त्या लिवतील व्हय? तेरा दिवस कुणी उंबऱ्याभाईर पाय टाकायचा न्हाई. पर मी टाकला. मंगळवारी मुद्दाम तुमच्या वाटंवर उभी ऱ्हायले. म्हटलं, बाईंस्नी माझ्या तोंडावर सांगवत नसंल, म्हणून बोर्डावर लिवलं असंल. मी इचारलं बी, काय सांगायचं ऱ्हायलंय का. तुमी पळत गेलासा."

मी मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

"मग बुधवारी त्यो तुकडा कापला आन् मिरजेला ट्रान्सपोर्टच्या हापिसात गेले. त्यास्नी दावला. त्ये म्हणाले, आमास्नी काय म्हाईत न्हाई, ज्येनी लिवलंय त्यास्नीच इचारा." मालननं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "सांगा आता, बाई. मी घट्ट हाय. कुठं गेला? अपघात झाला का आजारी हुता? कुणी हुतं का जवळ?"

शाळेत मी तीस वर्षं बोलत होते. त्या दिवशी एक वाक्य बोलायला मला किती वेळ लागला सांगता येत नाही.

"मला काही माहीत नाही, मालन. कुणी काही कळवलं नाही मला. कागदावर दोन चौकटी होत्या. जिवंत आणि मेलेला. जिवंत लिहिलं असतं तर त्याची सही मागत होते. म्हणून मी दुसरीवर खूण केली. मी. अजितनं त्यावरून छापलं."

म्हातारी ताडकन उठून बसली. "मंजी माझा संपत हाय म्हणा की!"

"आजी, ते... ते मला माहीत नाही."

"न्हाई म्हणून लिवताना बरं म्हाईत हुतं!"

 म्हातारी मला नाही नाही ते बोलत होती आणि मी ऐकत होते. मयूरी आजीला धरून बसली. मालन मात्र हललीच नाही. मग तिनं विचारलं, "दोनच चौकटी हुत्या?"

"दोनच."

"तिसरी न्हवती? ठावं न्हाई म्हणून?"

"नव्हती."

"मग तुमी तरी काय करणार," ती म्हणाली. हे तिनं मला माफ करायला म्हटलं की अजून कशासाठी, ते मला तेव्हाही कळलं नाही, अजूनही नाही.

मग तिनं पदर मागे घेतला. कपाळ कोरडं होतं. कुंकवाच्या जागी चामडी फिकी पडली होती, तेवढाच एक गोल.

"सोमवारपासनं पुसलंबी न्हाई आन् लावलंबी न्हाई," ती म्हणाली. "अंघोळ केली, त्यात गेलं. परत लावायला करंडा घ्यायची आन् ठेवायची. त्यो असंल तर बिनकुंकवाची फिरून मी पाप करतीया. नसंल तर लावून करतीया. आत्याबाई म्हणत्यात हार घाल, माझा हात उचलंना. तुमी एवढं शिकलासा. एवढं एक सांगा मला, आन् मग पोरीला शनवारी घिऊन येते. लावू का नगो?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मयूरीही. म्हातारीही बोलायची थांबली. मला म्हणायचं होतं, मालन, हे मी कशी सांगू? हे मला विचारू नको. पण मी नाही म्हटलं असतं तर ती बाई आणखी अकरा वर्षं तो करंडा हातात घेऊन बसली असती, आणि शनिवार उद्यावर आला होता.

"लाव," मी म्हटलं. वर्गात उत्तर सांगतात तसं, ठाम.

मालननं करंडा काढला आणि आरशाशिवाय, अचूक त्या गोलावर कुंकू लावलं. मग खिळ्यावरचा हार काढून बाहेर उकिरड्यावर टाकून आली.

शनिवारी आठला दोघी स्टँडवर होत्या. मयूरीची ॲडमिशन झाली. संस्थेला मी सगळं कळवलं. माणसाचं आयुष्य एका फॉर्मवर बसत नाही, असंही लिहिलं होतं, ते खोडून साधा माफीचा मेल पाठवला. त्यांनी संपतच्या सहीशिवाय चालवून घेतलं. आधी विचारलं असतं तरी चाललं असतं, असं त्यांनी वर लिहिलं. ते वाचून मी फोन उपडा ठेवला.

मी पळाले. तीन तास सहा मिनिटं. थंडी, तोंडावर वारा, दोन्ही बाजूंना अनोळखी लोक माझं नाव छातीवरच्या नंबरवरून वाचून ओरडत होते. अकराव्या किलोमीटरला माझा हात आपोआप पुढे झाला. तिथल्या कुणा बाईनं त्यावर संत्र्याची फोड ठेवली. मी ती खाल्ली आणि पुढचे दोन किलोमीटर रडत पळाले. लोकांना वाटलं, पाय दुखतायत.

मयूरी आता सांगलीत नर्स आहे, लग्न तिनं स्वतःच्या मर्जीनं केलं. म्हातारी गेली, संपतची वाट बघत गेली. संपतचं काही कळलेलं नाही.

मालन बाजारात भेटते. हसते, मूठभर बेदाणे माझ्या पिशवीत टाकते, तुमी पळायचं का बंद केलंसा म्हणून विचारते. लाव म्हणून कशावरून सांगितलंसा, ते मात्र तिनं मला एकदाही विचारलं नाही. मी बोलताना तिच्या हातांकडे, भाजीच्या पिशवीकडे, कुठेही बघते. कपाळाकडे बघत नाही. तिथे रोज सकाळी ती कुंकू लावते, रुपयाएवढं, माझ्या सांगण्यावरून.